संगणक कक्षाच्या निर्लेखनाचा ठराव करण्याआधी एक हार्ड डिस्क बदलून पाहा

प्रति,
मा. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्रातील जिल्हा परिषद, नगरपालिका व अनुदानित शाळा.

विषय : संगणक कक्षातील जुने डेस्कटॉप निर्लेखित करण्यापूर्वी त्यांत एसएसडी बसवून पाहण्याबाबत.

स.न.वि.वि.

विंडोज १० ला मिळणारी मोफत सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. तेव्हापासून शाळांच्या बैठकांत एक विषय वारंवार येऊ लागला आहे. कक्षातले संगणक जुने झाले, विंडोज ११ त्यांच्यावर बसत नाही, सुरू व्हायलाच युगे लागतात, तेव्हा निर्लेखन करून टाकू, म्हणजे नोंदवहीतून बाद करू, आणि नव्यांची मागणी करू. ठराव होतो, जडवस्तू संग्रह नोंदवहीत शेरा पडतो, कॅबिनेट आणि मॉनिटर एका खोलीत रचून ठेवले जातात. पुढे नव्या संगणकांचा प्रस्ताव मंजूर होऊन माल शाळेत उतरेपर्यंत आज सातवीत असलेली मुले दहावी होऊन बाहेर पडलेली असू शकतात. मधली वर्षे त्यांनी संगणक फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहायचा का, हा माझा प्रश्न आहे.

मी तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्तीचे दुकान चालवतो. आसपासच्या शाळांचे डेस्कटॉप माझ्या टेबलावर येतात, त्यामुळे त्यांच्या आत काय आहे ते मी रोज पाहतो. त्यांतले बरेचसे संगणक संपलेले नाहीत. त्यांचा एक भाग थकला आहे, तो बदलता येतो आणि त्याचा खर्च शाळेला झेपण्यासारखा आहे. तो भाग म्हणजे सगळी माहिती साठवणारी हार्ड डिस्क. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकड्यांऐवजी चिपमध्ये माहिती साठवणारी डिस्क, बसवा, महिनाभर वापरून पाहा आणि मग ठरवा, एवढे सांगण्यासाठी हे पत्र. यात दुरुस्तीवाल्याचा धंदा आहे अशी शंका कुणाला येईल, म्हणून आधीच सांगतो : हे काम तुमच्या शाळेतले संगणक शिकवणारे सर किंवा बाई स्वतः करू शकतात. एक स्क्रू ड्रायव्हर आणि एक मोकळी दुपार पुरते. माझ्या दुकानात यायलाच हवे असे काही नाही.

शाळांत सापडणारे संगणक साधारण एका जातीचे असतात. कुणी शाळांना संगणक देणाऱ्या सरकारी आयसीटी योजनेच्या टप्प्यांतून आलेले, कुणी आमदार निधीतून मिळालेले, कुणी एखाद्या कार्यालयाने स्वतःचे बदलताना देऊन टाकलेले. कॅबिनेट उघडले की एच६१ किंवा एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी), त्यावर इंटेलचा दुसऱ्या ते चौथ्या पिढीचा आय३ नाहीतर पेंटियम, २ किंवा ४ जीबी डीडीआर३ रॅम आणि ३२० किंवा ५०० जीबीची हार्ड डिस्क. आय३-२१०० चे उदाहरण घ्या. २०११ साली बाजारात आलेला हा प्रोसेसर, ३.१ गिगाहर्ट्झचा, दोन कोर आणि चार थ्रेडचा. आठवीतल्या मुलीने निबंध टाइप करायचा, स्क्रॅच या मुलांच्या प्रोग्रॅमिंग साधनात मांजर चालवायचे, स्प्रेडशीटमध्ये वर्गातल्या मुलांच्या उंचीचा आलेख काढायचा, दीक्षा या सरकारी शैक्षणिक संकेतस्थळावरचा धडा पाहायचा, यासाठी तो आजही पुरतो. व्हिडिओ एडिटिंगला पुरणार नाही, पण ते काम कक्षात कोण करते?

मग संगणक रडतखडत का चालतो? कारण प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामा बसून हार्ड डिस्कची वाट पाहत असतो. हार्ड डिस्कच्या आत तबकड्या मिनिटाला ७२०० फेरे घेतात. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडे जास्त, थांबावे लागते आणि त्याआधी हेडला योग्य पट्ट्यावर न्यायला आणखी ८-९ मिलिसेकंद जातात. एका छोट्या मागणीमागे १२-१३ मिलिसेकंद गेले की सेकंदाला अशा साधारण ८० मागण्या पुऱ्या होतात. विंडोज १० सुरू होताना हजारो लहान लहान फाइली मागते. सुरू झाल्यावरही तिचे थांबत नाही : अद्यतने उतरवणे, डिफेंडर या तिच्या अँटिव्हायरसची तपासणी, शोधसूची तयार करणे, सगळे एकाच वेळी. शाळेच्या ग्रंथालयात एकच ग्रंथपाल असावा आणि मधल्या सुट्टीत साठ मुलांनी साठ वेगवेगळ्या कपाटांतली पुस्तके मागावीत, तसे त्या डिस्कचे होते. ग्रंथपाल आळशी नाही, त्याला चालत जावे लागते.

एसएसडीत फिरणारे, सरकणारे काही नाही. माहिती चिपमध्ये असते आणि कुठल्याही कोपऱ्यातली असली तरी मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास हाती येते. सेकंदाला ८० च्या जागी हजारो मागण्या, बऱ्या एसएसडीत दहा हजारांच्याही पटीत. जुन्या संगणकाला याने जो फरक पडतो तो रॅम वाढवून किंवा दर सहा महिन्यांनी फॉरमॅट मारून पडत नाही.

माझ्या शब्दावर विसंबू नका. कक्षातला सगळ्यात रटाळ संगणक सुरू करा, डेस्कटॉप दिसला की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा आणि टास्क मॅनेजर उघडू द्या. तोही उघडायला वेळ घेईल. मग आकडे पाहा. सीपीयूचा रकाना १०-२० टक्क्यांवर घुटमळत असेल आणि डिस्कचा रकाना १०० टक्क्यांवर लाल होऊन बसला असेल, तर दुखणे कुठे आहे ते तुम्हाला कळले. हे बघायला तंत्रज्ञ लागत नाही. समितीतल्या पालक सदस्यांनाही बोलावून दाखवा.

हे मी इतक्या पोटतिडकीने का लिहितो ते सांगतो. शाळेची तासिका ३५-४० मिनिटांची असते. मुले रांगेने कक्षात येऊन बसेपर्यंत पाच मिनिटे जातात. संगणक सुरू होऊन माउसला प्रतिसाद देण्याजोगा होईपर्यंत आणखी सात-आठ. मध्येच एखादा हँग होतो, बटण दाबून बंद करून पुन्हा सुरू केला जातो. एका संगणकावर दोन-तीन मुले असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला प्रत्यक्ष हात लावायला पाचेक मिनिटे उरतात. आठवड्याला एक-दोन तासिका धरल्या तर वर्षभरात मूल किती वेळ काम करते आणि किती वेळ फिरत्या वर्तुळाकडे बघत बसते, याचा हिशेब तुम्हीच मांडा. ज्या मुलाच्या घरी लॅपटॉप आहे त्याचे यात फारसे बिघडत नाही. ज्याच्या घरी एकच मोबाइल आहे आणि तोही वडील कामावर घेऊन जातात, त्याचे सगळे नुकसान या तासिकेत होते. एसएसडी बसवल्यावर तोच संगणक अर्ध्या मिनिटाच्या आसपास सुरू होतो आणि लगेच वापरता येतो. मुलांचा खरा फायदा हा आहे.

आता हरकतींकडे येतो. पुरवठादार सांगतात की बोर्ड जुना आहे, त्याला एसएसडीचा वेग झेपणार नाही. अर्धे खरे आहे. एच६१ चिपसेटला साटाचे, म्हणजे डिस्क जोडायचे, जे पोर्ट आहेत ते ३ गिगाबिटचे आहेत. एसएसडीच्या खोक्यावर सेकंदाला ५०० एमबी असे छापलेले असते, या पोर्टवर त्याच्या निम्माच वेग मिळेल. पण तो आकडा एकच भली मोठी फाइल सलग वाचतानाचा. शाळेच्या संगणकाचा वेळ हजारो बारीक फाइलींत जातो आणि तिथे ३ गिगाबिटचा पोर्ट आडवा येत नाही. एच८१ बोर्डवर दोन पोर्ट ६ गिगाबिटचे आणि दोन ३ चे असतात. बोर्डवरची बारीक अक्षरे वाचून ६ वाला पोर्ट निवडा, एवढेच.

खरेदीत मात्र डोळे उघडे ठेवा. अडीच इंची साटा एसएसडी हवी, हे कोटेशनमध्ये शब्दशः लिहून घ्या. दुकानदाराने च्युइंगमच्या पट्टीसारखी दिसणारी एनव्हीएमई एसएसडी पुढे केली तर परत करा. ती जास्त वेगवान आहे हे खरे, पण या बोर्डांवर तिची खाचच नाही. क्षमता २४० किंवा २५६ जीबी पुरे. १२० जीबीत विंडोज आणि तिची अद्यतने मावतात, पण वर्षभरात जागा दाटते. ५०० जीबीवर शाळेचे पैसे घालवायची गरज नाही, कारण मुलांच्या फाइली काही एमबीच्या असतात.

ओळखीच्या कंपनीची आणि किमान तीन वर्षांची वॉरंटी असलेलीच घ्या. या क्षमतेच्या साध्या एसएसडींवर कंपनी साधारण ८० टेराबाइट लिहिण्याची हमी देते. हा आकडा ऐकून पालक सदस्य हमखास विचारतात की ती झिजते म्हणे, मग किती दिवस टिकणार? रोज २० जीबी लिहिले, आणि शाळेत इतके कधीच लिहिले जात नाही, तरी ८० टेराबाइट व्हायला ४००० दिवस लागतात. म्हणजे जवळपास ११ वर्षे. उन्हाळ्याच्या सुट्टीत संगणक दोन महिने बंद राहिले तरी त्यावरची माहिती उडत नाही. भीती वेगळ्याच गोष्टीची बाळगायला हवी, ती म्हणजे बनावट मालाची. अनोळखी नावाची १ किंवा २ टेराबाइटची एसएसडी मातीमोल भावात मिळते आहे असे दिसले की समजा, आत तेवढी जागा नाही. संगणकाला मात्र ती खोटी जागा खरी वाटते आणि मर्यादा ओलांडली की पुढे लिहिलेले सगळे नाहीसे होते. एच२टेस्टडब्ल्यू नावाचा छोटा मोफत प्रोग्रॅम पूर्ण क्षमता लिहून-वाचून तपासतो. खरेदी केलेल्या प्रत्येक नगावर तो चालवा, मगच बिल मंजूर करा.

भावाबद्दल. काही काळापूर्वी या एसएसडी दोन हजार रुपयांच्या आत मिळत होत्या. मेमरी चिपच्या टंचाईमुळे आता भाव चढले आहेत आणि वारंवार बदलत आहेत, म्हणून कोटेशन ज्या आठवड्यात खरेदी करायची त्याच आठवड्याचे घ्या. चढ्या भावातही नव्या डेस्कटॉपच्या किमतीत अनेक जुने संगणक मार्गी लागतात. सोबत रॅमही पाहा. २ जीबी असेल तर नुसत्या एसएसडीने भागणार नाही, किमान ४ करा, जमल्यास ८. डीडीआर३ रॅम वापरलेली मिळते आणि ती सहसा दगा देत नाही. बंद पडलेल्या दुसऱ्या संगणकातली काढूनही लावता येते. पैसे मोजकेच असतील तर आधी एसएसडी, मग रॅम.

बसवताना चार गोष्टी हमखास राहून जातात, म्हणून त्या सविस्तर लिहितो. पहिली, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, साटाचा मोड आयडीई (जुनी पद्धत) असेल तर तो एएचसीआय (नवी पद्धत) करा, आणि तो विंडोज टाकण्याआधी करा. आयडीईवर टाकलेली विंडोज नंतर मोड बदलला की निळा पडदा दाखवते आणि मग एसएसडीला दोष दिला जातो. दुसरी, जुनी डिस्क जशीच्या तशी क्लोन करण्याचा मोह टाळा. एक्सपीच्या काळात केलेली पार्टिशने ६३ व्या सेक्टरपासून सुरू होतात, ती रचना एसएसडीला मानवत नाही आणि ती विनाकारण झिजते. शिवाय पेन ड्राइव्हवरून आलेले वर्षानुवर्षांचे व्हायरसही क्लोनबरोबर नव्या घरात राहायला येतात. कोरी स्थापना करा. कक्षातले सगळे संगणक एकसारखे असतील तर एकच नीट तयार करा आणि क्लोनझिला या मोफत साधनाने त्याची प्रत बाकीच्यांवर उतरवा. वीस संगणकांचे काम दोन दिवसांत आटोपते.

तिसरी, एसएसडी कॅबिनेटमध्ये लोंबकळत ठेवू नका. अडीच इंचीची साडेतीन इंची करणारी पत्र्याची किंवा प्लास्टिकची चौकट स्वस्त मिळते, तिच्यात घट्ट बसवा. साटाची जुनी केबल सैल झाली असेल तर तीही नवी लावा. संगणक मध्येच डिस्क सापडत नाही म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा केबलच गुन्हेगार असते.

चौथी गोष्ट अगदी क्षुल्लक वाटते, पण तिने कितीतरी संगणक नाहक बदनाम झाले आहेत. मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाची नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपली की वीज गेल्यावर संगणक तारीख विसरतो आणि कित्येक वर्षे मागची दाखवू लागतो. मग ब्राउझर उघडला की प्रत्येक संकेतस्थळावर सुरक्षेचा इशारा येतो, कारण आजचे प्रमाणपत्र त्या जुन्या तारखेला अजून लागूच झालेले नसते. शिक्षकांना वाटते इंटरनेट बिघडले, मुख्याध्यापकांना वाटते संगणक गेला. किराणा दुकानातही मिळणारी बॅटरी बदलली की सगळे सुरळीत. कॅबिनेट उघडलेच आहे तर ही बॅटरी बदलाच, पंख्यावरची धूळ झटका, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावा.

आता सगळ्यात अवघड प्रश्न, सॉफ्टवेअरचा. एसएसडी बसवल्याने विंडोज ११ ची दारे उघडत नाहीत, हे स्पष्ट सांगतो. तिला टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग लागतो आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. या अटी चुकवून ती जुन्या संगणकावर बसवून देणारे लोक आहेत. शाळेने ते करू नये. उद्या एखादे अद्यतन अडले तर अख्खा कक्ष एका दिवसात ठप्प होईल आणि विचारायला जागा राहणार नाही. पायरसीची विंडोज तर अजिबातच टाकू देऊ नका. मुलांना आपण त्याच खोलीत बसवून काय शिकवतो आहोत, याचा विचार करा. ज्या कक्षांत अजून विंडोज ७ आहे, तिची अद्यतने १४ जानेवारी २०२० लाच बंद झाली आणि क्रोमनेही १०९ व्या आवृत्तीनंतर तिला सोडले. तिथे तर थांबण्यात काहीच राम नाही.

मग काय करायचे? दोन सरळ वाटा आहेत. विंडोज १० अधिकृत असेल तर शिक्षणसंस्थांसाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अद्यतनांची सोय ठेवली आहे : पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २, तिसऱ्या वर्षी ४. संस्थेच्या परवान्यामार्फत ती घ्यावी लागते, म्हणून संस्थाचालकांनी किंवा शिक्षण विभागाने एकत्रित मागणी केली तर सोपे पडेल. दुसरी वाट विंडोजच्या जागी बसणाऱ्या मोफत लिनक्स प्रणालीची आणि कक्षासाठी मला तीच जास्त पटते. लिनक्स मिंट २२ किंवा उबुंटू २४.०४ ला २०२९ पर्यंत अद्यतने मिळणार आहेत, परवान्याचा खर्च शून्य. मिंटची एक्सएफसीई आवृत्ती ४ जीबी रॅम आणि एसएसडीवर सुरेख चालते. लिबरऑफिस, जिओजेब्रा, लहान मुलांसाठी जीकॉम्प्री आणि टक्सपेंट, ब्राउझरमध्ये स्क्रॅच, इन्स्क्रिप्टने मराठी टंकलेखन, शाळेला लागणारे सगळे त्यावर चालते.

लिनक्स म्हटले की आपल्याकडे डोकी हलतात, शिक्षकांना जमणार नाही म्हणतात. केरळकडे पाहा. तिथे २००१ साली आयटी@स्कूल प्रकल्प सुरू झाला, २०१७ पासून तो काइट या नावाने चालतो आणि सरकारी व अनुदानित शाळांत उबुंटूवर आधारलेली स्वतःची प्रणाली वापरली जाते. मुले त्याच प्रणालीवर शिकतात, परीक्षा देतात. शिक्षकांचे प्रशिक्षण झाले, पाठ्यपुस्तके त्यानुसार आली. महाराष्ट्रात शासनाच्या पातळीवर असे कधी होईल ते होवो. एका शाळेला आपल्या एका कक्षात करायला कुणाची आडकाठी आहे?

कार्यालयातल्या संगणकाला मात्र हा नियम लावू नका. लिपिकांच्या संगणकावर श्री-लिपी किंवा जुन्या फॉन्टमधल्या फाइली असतात, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन असते, त्याचे ड्रायव्हर असतात. तिथे एसएसडी जरूर बसवा, पण विंडोजच ठेवा, आणि नव्या संगणकाचे पैसे कधी हाती आलेच तर पहिला नवा संगणक कार्यालयाला द्या. ज्या शाळेला कनिष्ठ महाविद्यालय जोडलेले आहे आणि बारावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयाची ऑनलाइन परीक्षा याच कक्षात होते, त्यांनी आधी मंडळाच्या त्या वर्षीच्या सूचना वाचाव्यात.

प्रत्येक जुना संगणक वाचवावा असेही माझे म्हणणे नाही. डीडीआर२ रॅमचे, पेंटियम ४ च्या काळातले, पट्टीसारखी रुंद केबल लागणाऱ्या डिस्कचे संगणक खुशाल निर्लेखित करा. मदरबोर्डवरचे कपॅसिटर टरारून फुगले असतील किंवा त्यांतून तपकिरी पाणी गळले असेल तर त्यावर एक रुपयाही खर्च करू नका. मात्र त्यांचे सुटे भाग, म्हणजे एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), रॅम, केबली, मॉनिटर, तपासून बाजूला काढा. एका खोलीतल्या पाच मेलेल्या संगणकांतून दोन चालते उभे राहतात.

विजेबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही, कारण आपल्याकडच्या शाळांत वीज कधी जाईल त्याचा नेम नसतो. हार्ड डिस्क मरताना बहुधा कुरकुर करते, आवाज करते, फाइली वाचताना अडखळते, सावध व्हायला थोडा अवधी देते. एसएसडी काल चालू असते आणि आज संगणकाला दिसतच नाही. तिच्यावरची माहिती परत मिळवणे फार अवघड आणि महाग असते. स्वस्त एसएसडीत अचानक वीज गेल्यास स्वतःला सावरून घेण्याची सोय नसते, म्हणून यूपीएसची बॅटरी जिवंत ठेवा आणि सर सांगेपर्यंत मेन स्विच बंद करायचा नाही हे शिपाईमामांना नीट समजावून द्या. महत्त्वाची फाइल एकाच जागी कधीही ठेवू नका. निकालपत्रके, दाखल्यांच्या नोंदी, वेतनाची कागदपत्रे यांची दुसरी प्रत हवीच.

आणि ती ठेवायला जागा तुमच्याकडे आधीच आहे. काढलेल्या जुन्या हार्ड डिस्क क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅमने तपासा. ज्यांची प्रकृती चांगली दिसते त्या बाहेरून जोडायच्या डब्यात बसवल्या की कार्यालयाच्या बॅकअपला उपयोगी पडतात. उरलेल्या भंगारात देण्याआधी पूर्ण पुसा, पुसता येत नसतील तर भोके पाडा. नुसते क्विक फॉरमॅट केल्याने माहिती जात नाही. सरल आणि यू-डायस या सरकारी नोंदणी प्रणालींसाठी भरलेली मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक, पालकांचे बँक खाते क्रमांक त्या डिस्कवर आहेत. ही माहिती पालकांनी शाळेवर विश्वास ठेवून दिली आहे आणि ती रद्दीवाल्याच्या टेम्पोतून कुठेही जाता कामा नये. निकामी भाग नोंदणीकृत ई-कचरा प्रक्रिया करणाऱ्यांकडेच द्या. मदरबोर्ड उघड्यावर जाळून तांबे काढणारे लोक त्या धुरात स्वतःची फुप्फुसे जाळतात.

पैशाची सोय कशी करायची? ‘समग्र शिक्षा’ या केंद्राच्या योजनेतून सरकारी शाळांना पटावर ठरणारे संयुक्त शाळा अनुदान मिळते, १०१ ते २५० पटाला ५०,००० आणि २५१ ते १००० पटाला ७५,००० रुपयांपर्यंत. त्यातून वीजबिल, खडू, स्वच्छता, किरकोळ दुरुस्त्या असे सगळे भागवावे लागते, हे मला ठाऊक आहे. तरीही वर्षाला चार-पाच एसएसडी त्यात बसू शकतात. अनुदानित शाळांना वेतनेतर अनुदानातून किंवा संस्थेच्या निधीतून हे करता येईल. पण माझा जास्त भरवसा गावावर आहे. ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या काळात, २०१५ नंतर, गावोगावच्या लोकांनी वर्गणी काढून जिल्हा परिषदेच्या शाळांत टीव्ही, प्रोजेक्टर, टॅब आणले. नवा डेस्कटॉप द्या असे एका पालकाला सांगता येत नाही. एका संगणकाची एसएसडी द्या, हे सांगता येते. मुंबई-पुण्यात नोकरीला असलेला शाळेचा माजी विद्यार्थी हे ऐकून मागे हटणार नाही.

गटशिक्षणाधिकारी आणि शिक्षणाधिकारी साहेबांनाही यानिमित्ताने एक विनंती. निर्लेखनाचे प्रस्ताव तपासताना संगणकाच्या नावापुढे ‘कालबाह्य’ एवढा शेरा मान्य करू नका. नेमके काय बिघडले आहे, डिस्क बदलून पाहिली का, हे दोन रकाने त्या तक्त्यात वाढवा.

आता समितीने काय करावे ते थोडक्यात. पुढच्या मासिक बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय घ्या. शक्य असेल तर बैठक संगणक कक्षातच भरवा. एसएसडी बसवलेला संगणक आणि जुना संगणक शेजारी ठेवून दोन्हींची बटणे एकदम दाबा आणि ब्राउझर उघडेपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजा. सातवी-आठवीची चार मुले समोर बसवा, त्यांना वापरू द्या, त्यांचे मत इतिवृत्तात घ्या. तुमच्या सोयीसाठी ठरावाचा मसुदा देतो, लागेल तसा बदलून घ्यावा :

‘संगणक कक्षातील एका डेस्कटॉपमध्ये २४० अथवा २५६ जीबी क्षमतेची अडीच इंची साटा एसएसडी, आवश्यक ती रॅम व सीआर२०३२ बॅटरी बसवण्यास मंजुरी देण्यात येत आहे. सदर संगणक एक महिना वर्गात वापरून संगणक शिक्षकांनी समितीस लेखी अहवाल द्यावा. उर्वरित संगणकांपैकी कपॅसिटर, मदरबोर्ड अथवा एसएमपीएस नादुरुस्त असलेल्यांची वेगळी यादी करावी. अहवाल प्राप्त होईपर्यंत कक्षाच्या निर्लेखनाचा विषय स्थगित ठेवण्यात येत आहे.’

कळावे,

आपला,
तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्ती करणारा एक माजी विद्यार्थी